एमएफई: एकीकडे ऑफर, दुसरीकडे वेटलिस्ट, डिपॉझिट भरायला नऊ दिवस

कोरा_कागद (प्रश्न)

नमस्कार. अमेरिकेतल्या फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी (एमएफई) यंदा सहा ठिकाणी अर्ज केले. तीन नकार आले, एका ठिकाणाहून अजून काहीच कळलेलं नाही. उरलेल्या दोन ठिकाणांमुळे डोकं चालेनासं झालंय. नावं मुद्दाम देत नाही, अ आणि ब म्हणतो.

अ कडून ऑफर आली आहे. समोरासमोर इंटरव्ह्यू झालाच नाही, व्हिडिओ रेकॉर्ड करून पाठवायचा होता. कोर्स दहा महिन्यांचा, ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्याआधी संपतो. स्कॉलरशिप नाही. डिपॉझिट 2,000 डॉलर, परत न मिळणारं, आणि मुदतीला नऊ दिवस उरलेत.

ब ही माझी पहिली पसंती. तीन सेमिस्टर, मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप. त्यांचा इंटरव्ह्यू पंचवीस मिनिटांचा होता. एक प्राध्यापिका आणि त्याच कोर्समधून शिकून आता ट्रेडिंग डेस्कवर असलेला एक जण. सुरुवात बरी झाली. मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, मग साडेतीन वर्षं बँकेची गणिती मॉडेल्स तपासणाऱ्या मॉडेल व्हॅलिडेशन टीममध्ये आहे, हे सगळं नीट सांगितलं. मग त्यांनी माझ्या रेझ्युमेतली एक ओळ धरली: डाउन-अँड-आउट बॅरिअर ऑप्शनची किंमत मोंटे कार्लोने काढली. (भाव ठरलेल्या पातळीखाली, म्हणजे बॅरिअरखाली, गेला की रद्द होणारा ऑप्शन; भावाच्या पुष्कळ कल्पित वाटा, म्हणजे पाथ, चालवून सरासरी घ्यायची.) विचारलं, ‘तुमचं उत्तर खऱ्या किमतीपेक्षा जास्त येईल की कमी?’ मी म्हणालो, सिम्युलेशन आहे, थोडं इकडेतिकडे होणारच, पाथ वाढवले की बरोबर येईल. ‘किती पाथ?’ दहा लाख, मी म्हणालो. ‘आणि दहा लाखांनंतरही उत्तर जास्तच येत राहिलं तर?’

मी गप्प. दहा-बारा सेकंद तरी गेले असतील. मग रँडम नंबर जनरेटर तपासून बघेन असं काहीतरी बोललो.

त्यानंतर नाण्याचा प्रश्न. लागोपाठ दोन छापे पडेपर्यंत सरासरी किती वेळा नाणं उडवावं लागेल, आणि छाप्यानंतर लगेच काटा पडेपर्यंत किती? मी दोन्हींना चार म्हणालो. प्राध्यापिकांनी ‘पहिलं पुन्हा बघा’ म्हटल्यावर समीकरण मांडून सहा काढलं, पण तोवर आवाज कापरा झाला होता. तीन आठवड्यांनी मेल आली: वेटलिस्ट.

अ चं डिपॉझिट भरावं का? ब ला काही लिहावं का? आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त हे छळतंय की त्या एका उत्तरामुळे हे गेलं का.

तारीखवही

तारखांपुरतं सांगतो, बाकी जाणकार बोलतील.

15 एप्रिलच्या आधी कोणतीही युनिव्हर्सिटी उत्तर मागू शकत नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. त्यावर विसंबू नका. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा तसा ठराव आहे, पण तो आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरबद्दल आहे, म्हणजे फेलोशिप, असिस्टंटशिप वगैरे, आणि त्यावर सही केलेल्या युनिव्हर्सिटींनाच तो लागू होतो. तुमची ऑफर मदतीशिवायची आहे. अशा कोर्सेसच्या डिपॉझिटच्या मुदती मार्चमध्येही येतात आणि त्यात नियमबाह्य काही नाही.

मुदतवाढ मात्र मागा. आजच मागा, आठव्या दिवशी नको. चार ओळींची मेल पुरते: ऑफरबद्दल आनंद आहे, निर्णय जबाबदारीने घ्यायचा आहे, अमुक तारखेपर्यंत वेळ मिळेल का. तारीख तुम्ही सुचवा, ‘थोडा वेळ’ असं मोघम लिहू नका. फार तर नाही म्हणतील. वेळ मागितला म्हणून ऑफर काढून घेतल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि ऑफर लेटरमध्ये व्हिसा नाकारला गेला तर डिपॉझिटचं काय होतं ते वाचा. काही ठिकाणी तेवढ्यापुरता परतावा असतो, काही ठिकाणी तोही नाही. डिपॉझिट आणि पैशांची कागदपत्रं गेल्याशिवाय सहसा आय-20 (व्हिसासाठी लागणारं युनिव्हर्सिटीचं प्रमाणपत्र) मिळत नाही, आणि आय-20 शिवाय व्हिसाचा इंटरव्ह्यू होत नाही. म्हणून वाट बघण्यालाही मर्यादा आहे, हे धरून चाला.

निळी_शाई

मी अशाच एका कोर्समधून शिकले आणि नंतर दोन वर्षं माजी विद्यार्थिनी म्हणून तिथले इंटरव्ह्यू घेतले, सगळे मिळून चाळीसेक. तेव्हा टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते सांगते. आधी तुमचा तिसरा प्रश्न घेते, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातूनच येतात.

नाण्याचा प्रश्न विसरून जा. पहिल्या झटक्यात चार म्हणणारे निम्म्याहून जास्त असतात. दोन्ही क्रमांची शक्यता एक चतुर्थांश, म्हणून वाटही सारखीच बघावी लागेल असं वाटतं. फरक कुठे आहे बघा. एक छापा पडलाय आणि पुढचं फसलं. ‘छापा-छापा’ हवं असेल तर फसणं म्हणजे काटा, आणि काट्याने तुम्ही पार सुरुवातीला जाता. ‘छापा-काटा’ हवं असेल तर फसणं म्हणजे आणखी एक छापा, म्हणजे तुम्ही होतात तिथेच उभे. पहिल्यात कमावलेलं जातं, दुसऱ्यात जात नाही. म्हणून सहा आणि चार. तुम्ही इशारा मिळाल्यावर समीकरण मांडून सहापर्यंत पोचलात. माझ्या फॉर्मवर मी त्याला चांगले गुण दिले असते, आवाज कापरा असला तरी.

बॅरिअर ऑप्शनचं वेगळं आहे. तिथे तुमचं नुकसान झालं असावं, आणि हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

पाथ वाढवल्याने सांख्यिकी चूक कमी होते: चौपट पाथ, निम्मी चूक. पण त्यांनी विचारलेली चूक त्या जातीचीच नव्हती. तुमच्या कोडमध्ये बॅरिअर बहुधा दिवसातून एकदा तपासलं जात असणार. दोन तपासण्यांच्या मधे भाव बॅरिअरखाली जाऊन परत वर आला, तर कोडला तो पाथ जिवंत वाटतो. प्रत्यक्षात तो ऑप्शन तिथेच संपला. म्हणजे तुमच्या हिशोबात जिवंत पाथ नेहमी जास्त, म्हणून अशा नॉक-आउट (बॅरिअर ओलांडताच संपणाऱ्या) ऑप्शनची किंमत जास्त, आणि दर वेळी त्याच बाजूला. दहा लाख काय, दहा कोटी पाथ घेतले तरी ती हलणार नाही. फक्त त्या चुकीच्या आकड्याबद्दल तुमची खात्री वाढत जाईल.

वेळेचे टप्पे बारीक केले की उत्तर खाली येतं, पण सावकाश, टप्प्याच्या वर्गमुळाच्या गतीने. त्यापेक्षा दोन टोकांच्या किमती माहीत असताना मधे बॅरिअर ओलांडलं न गेल्याची शक्यता ब्राउनियन ब्रिजने (दोन टोकं पक्की धरून मधल्या वाटेचा हिशोब करणाऱ्या सूत्राने) काढून पाथला तेवढं वजन द्यावं. किंवा ब्रॉडी, ग्लासरमन आणि कू यांनी 1997 मध्ये दिलेली दुरुस्ती वापरावी: बॅरिअर थोडं सरकवायचं, किती, तर 0.5826 गुणिले सिग्मा (भावाच्या चढउताराचं माप) गुणिले टप्प्याचं वर्गमूळ, हे e च्या घातांकात घेऊन त्याने बॅरिअरला गुणायचं. तुमच्या बाबतीत ते भावाच्या दिशेने, म्हणजे वर सरकेल. हे सूत्र इंटरव्ह्यूत आठवावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. ‘मधली ओलांडणी माझ्या कोडला दिसत नाही’ हे एक वाक्य पुरलं असतं. मॉडेल व्हॅलिडेशनमध्ये काम करणाऱ्या माणसाकडून तर ते यायलाच हवं होतं, कारण एकाच बाजूला झुकणारी चूक आणि नुसतं विखुरणं यांतला फरक शोधणं हेच त्याचं रोजचं काम.

आमच्या फॉर्मवर एक रकाना होता: उमेदवाराला स्वतःचं काम समजावून सांगता येतं का. माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा. कोडं चुकलं तर ते कोडंच आहे. रेझ्युमेतली ओळ मात्र तुम्ही स्वतः लिहिलेली असते, तिथे अडखळलात की समोरच्याला बाकीच्या ओळींबद्दलही शंका येते.

एका मुलाने फाशाच्या खेळाचं उत्तर प्रश्न संपायच्या आत दिलं. एक फासा, आवडलं नाही तर आणखी एकदा टाकायची मुभा, पडेल तितके डॉलर. 4.25, त्याने सांगितलं, बरोबर. मी म्हणाले, आता दुसऱ्यांदा टाकायला एक डॉलर द्यावा लागतो. तो थांबला, मग पुन्हा 4.25 म्हणाला, मग 3.25. दुसऱ्या फेकीची किंमत साडेतीनवरून अडीच झाली, म्हणजे आता तीनवरही थांबायचं आणि फक्त एक-दोन पडले तरच पुन्हा टाकायचं, उत्तर 3.83, इतकंच होतं ते. त्याला पहिलं उत्तर पाठ होतं, ते कुठून आलं हे माहीत नव्हतं. त्याच दुपारी एका मुलीने मोडलेल्या काठीच्या तीन तुकड्यांचा त्रिकोण होण्याची शक्यता एक अष्टमांश सांगितली. मग स्वतःच म्हणाली, ‘थांबा, सगळ्यात लांब तुकडा अर्ध्याहून मोठा असता कामा नये, तिथून बघते’. कागदावर आकृती काढून एक चतुर्थांशावर आली. मी तिच्यासाठी जोर लावून लिहिलं, आणि आजही तसंच लिहीन.

आता डिपॉझिट. मीही एका ठिकाणी वेटलिस्टवर होते. दुसरीकडचं डिपॉझिट शेवटच्या दिवशी भरलं आणि पुढचे दोन महिने रोज सकाळी उठून आधी मेल बघितली. जूनमध्ये नकार आला. पस्तावले नाही, कारण पैसे भरताना एकच गोष्ट स्वतःला विचारली होती: ब नावाचं ठिकाण जगात नसतं तर मी अ ला आनंदाने गेले असते का? उत्तर हो होतं. तुमचं उत्तर नाही असेल, तर 2,000 डॉलरची चिंता सोडा. खरा खर्च त्या डिपॉझिटचा नसून त्यामागून येणाऱ्या फीचा आणि त्या वर्षाचा आहे.

ब ला जरूर लिहा. पण इंटरव्ह्यू कसा बिघडला याची कैफियत नको.

मार्टिंगेल

निळी_शाई यांचं इंटरव्ह्यूबद्दलचं सगळं पटलं. डिपॉझिटबद्दल मी जास्त कडक बोलेन.

दहा महिन्यांचा कोर्स आणि मधे उन्हाळा नाही, याचा अर्थ नीट समजून घ्या. समर इंटर्नशिप हा या क्षेत्रात नोकरीचा मुख्य दरवाजा आहे. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सीपीटी (शिकत असताना इंटर्नशिप करण्याची परवानगी) साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळतो, अभ्यासक्रमातच इंटर्नशिप सक्तीची असेल तर गोष्ट वेगळी. वर्षभराचे कोर्स वाईट असतात असं मी म्हणत नाही. बर्कलीचा एमएफई वर्षभराचाच आहे, पण तो मार्चमध्ये सुरू होतो आणि इंटर्नशिप त्याच्या वेळापत्रकातच बसवलेली आहे, बाकीची गर्दी उन्हाळ्यात असते तेव्हा नव्हे, ऑक्टोबरनंतर. कार्नेगी मेलनचा एमएससीएफ सोळा महिन्यांचा, मधे पूर्ण उन्हाळा. प्रिन्स्टनचा मास्टर इन फायनान्स बहुतेकांसाठी दोन वर्षांचा. प्रत्येकाने इंटर्नशिपला कुठेतरी जागा केली आहे. अ ने कुठे केली आहे, ते विचारा. जागाच नसेल तर तुम्ही ऑगस्टमध्ये उतरून सप्टेंबरमध्ये थेट पूर्णवेळ नोकरीच्या इंटरव्ह्यूंना बसणार, आणि तेव्हा स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसचे तीन तासही झालेले नसतील.

दुसरं, प्लेसमेंट रिपोर्टमधला छेद बघा. ‘नोकरी शोधणाऱ्यांपैकी इतके टक्के’ असं लिहिलेलं असतं. शोधणारे कोण? पीएचडीला गेलेले वगळले हे ठीक, पण ज्यांनी उत्तरच दिलं नाही तेही वगळले का? आकडा पदवीनंतर तीन महिन्यांचा की सहा? व्हिसावर असलेल्यांचा वेगळा आकडा आहे का? ओपीटीत (पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची मुभा) पहिल्या बारा महिन्यांत बेरोजगारीचे नव्वद दिवस मिळतात, त्यामुळे तीन आणि सहा महिन्यांतला फरक तुमच्यासाठी नुसता आकड्यांचा नाही. कोर्सचा सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक) स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या, यादीत आहे ना, हेही लेखी घ्या. असेल तर बारावर आणखी चोवीस महिने, नसेल तर बारावरच थांबलात.

आणि एक वर्ष थांबण्याला लोक उगाच अपयश समजतात. तुमच्याकडे नोकरी आहे, तीही कामाशी जुळणारी. जीआरईचा स्कोअर पाच वर्षं चालतो. बरूकच्या प्री-एमएफई सेमिनारसारखं काहीतरी करा, प्रोबॅबिलिटी आणि न्यूमेरिकल लिनिअर अल्जिब्रा पक्कं होईल. बरूक सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कचा भाग असल्यामुळे फी खाजगी युनिव्हर्सिटींच्या मानाने बरीच कमी, बॅच छोटी आणि इंटरव्ह्यू चांगला कसून. पुढच्या वर्षी ते यादीत नसेल तर घाला.

भीतीपोटी डिपॉझिट भरू नका, एवढंच.

कोरा_कागद

तिघांचेही मनापासून आभार. निळी_शाई, बॅरिअरबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून आधी वाईट वाटलं, मग लॅपटॉप उघडला. जुना कोड तसाच ठेवून फक्त टप्पे बदलले: वर्षाला 12, मग 52, मग 252, मग दिवसाला चार. किंमत प्रत्येक वेळी खाली आली. पाथ दुप्पट केले, जागची हलली नाही. तीन वर्षांपूर्वी हा कोड लिहिला आणि एकदाही टप्पे बदलून बघितले नाहीत, हे मला स्वतःला पटत नाहीये.

हे ब ला कळवावं का? म्हणजे बरोबर उत्तर शोधलं असं? कैफियत नको म्हणालात म्हणून विचारतो.

निळी_शाई

कळवा, पण सफाई म्हणून नको. मेल अशी असू दे: प्रवेश मिळाला तर मी नक्की येईन (हे खरं असेल तरच लिहा, वेटलिस्ट हलते तेव्हा हे वाक्य बघितलं जातं). त्यानंतर दोनच वाक्यं: तुमच्या प्रश्नानंतर मी टप्पे बदलून पाहिले, चूक एकाच बाजूची निघाली, ब्रिजने दुरुस्त केली. आलेख जोडू नका, कोड जोडू नका. मग अर्जानंतर नवीन काय घडलं ते, असल्यास. संपलं. आणि दर आठवड्याला आठवण करू नका.

ब्रिज खरंच लावून बघितल्याशिवाय ‘दुरुस्त केली’ लिहू नका.

तारीखवही

मेल प्रवेश कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा, इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या वैयक्तिक पत्त्यावर नको. तुमच्या अर्जाला ती तिथूनच जोडली जाते.

कोरा_कागद

तीन आठवड्यांनी लिहितोय, म्हटलं धागा अर्धा राहू नये.

अ ने दहा दिवस वाढवून दिले, विनातक्रार. मार्टिंगेल यांचे प्रश्न जसेच्या तसे विचारले. सीआयपी कोड लगेच कळवला, स्टेमच्या यादीत आहे. इंटर्नशिप अभ्यासक्रमात नाही, ‘विद्यार्थी आपापली शोधतात’. व्हिसावरच्या विद्यार्थ्यांचा वेगळा आकडा दोनदा मागितला, दोन्ही वेळा तीच रिपोर्टची लिंक आली. मग निळी_शाईंचा प्रश्न स्वतःला विचारला, ब नसतं तर? दोन रात्री विचार केला. आनंदाने गेलो नसतो, घाईने गेलो असतो. डिपॉझिट भरलं नाही. घरी सांगताना जड गेलं, हातातली ऑफर सोडली म्हणून वडील दोन दिवस फारसं बोलले नाहीत.

ब्रिज लावला. दिवसाला एक टप्पा ठेवूनही उत्तर सूत्राच्या किमतीशी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळलं. त्यानंतरच ब ला मेल केली, नऊ ओळींची. पोच आली, निर्णय नाही. अजून वेटलिस्टवरच आहे.

ऑफिसमध्ये एका मॉडेलचा अहवाल माझ्याकडे आला होता, त्यात ‘सिम्युलेशनची संख्या पुरेशी आहे’ असं वाक्य होतं. टप्पे बदलून बघितले का, असं विचारणारी नोंद लिहून तो परत पाठवला.

आणि काल रात्री नाण्याचा पुढचा प्रश्न स्वतःच घातला. छापा-काटा-छापा. तीन अवस्था मांडल्या, माझं उत्तर 10 आलं. बरोबर आहे का?

निळी_शाई

बरोबर. आता छापा-छापा-छापा काढा, आणि समीकरण मांडायच्या आधी सांगा, दहापेक्षा जास्त येईल की कमी, आणि का.

कोरा_कागद

जास्त. कारण दोन छापे पडल्यावर काटा आला की सगळंच जातं, पार सुरुवातीला. छापा-काटा-छापा मध्येही शेवटच्या पायरीवर फसलं की सगळं जातं, पण मधल्या पायरीवर फसलं तर छापा हातात राहतो. इथे कुठेच काही राहत नाही.

काढलं. 14.